ठिपके मोजायची दुर्बीण: पेन्टॅक्स पॅपिलिओ टू ६.५×२१

पिवळं फुलपाखरू पाहून ‘ग्रास यलो’ म्हणायला काही लागत नाही. पंचाईत होते ती पुढे. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, सेलमध्ये (पंखाच्या मुळाकडचा, शिरांनी वेढलेला भाग), कॉमन ग्रास यलोला दोन बारीक खुणा असतात आणि थ्री-स्पॉट ग्रास यलोला तीन. बसल्यावर त्यावर मागचा पंख येतो. चिखलपान करताना, म्हणजे ओल्या मातीतून क्षार शोषताना, पुढचा पंख जरा वर सरकला तरच त्या दिसतात, त्याही काही क्षण.

अशा वेळी पक्ष्यांसाठीची ८×४२ दुर्बीण (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगांची) कमी पडते. अनेकींचा फोकस दोन मीटरच्या आत येत नाही, म्हणजे पंख २५ सेंटिमीटरवरून पाहिल्यासारखा दिसतो. पॅपिलिओचा फोकस अर्ध्या मीटरपर्यंत येतो. ५० भागिले ६.५, म्हणजे पंख जेमतेम आठ सेंटिमीटरवर! शिवाय जवळचं पाहताना पुढची भिंगं एकमेकांकडे सरकतात, म्हणून दोन डोळ्यांना दोन फुलपाखरं दिसत नाहीत.

खरा कस ग्रास ब्लू या चिमुकल्या निळ्या फुलपाखरांवर लागतो. त्यांच्या डार्क, पेल, लेसर आणि टायनी अशा जाती आहेत. डार्क आणि पेल यांच्या पुढच्या पंखाखाली सेलमध्ये एक ठिपका असतो, लेसरला तो नसतो. टायनीच्या त्याच पंखाच्या पुढच्या कडेला दोन ठिपके असतात. नखाएवढ्या फुलपाखरावर हे सगळं, पण मीटरभरावरून स्वच्छ मोजता येतं. कॉमन रोज हे फुलपाखरू आणि त्याची नक्कल करणारी कॉमन मॉर्मनची मादी यांच्यासाठी मात्र दुर्बीण उचलूही नये: अंग लाल असेल तर रोज, काळं असेल तर मॉर्मन.

वापरताना लोक चुकतात ते फोकसच्या चाकात. लांबून जवळ यायला ते बरंच फिरवावं लागतं, तोवर फुलपाखरू उडतं. म्हणून आधी मीटरभरावरच्या पानावर फोकस लावून ठेवावा, मग वाकून, सावली न पाडता पुढे सरकावं. शेवटची सुधारणा चाकाने नको. स्वतःच दोन बोटं पुढे-मागे झुकावं. इतक्या जवळ फोकसची खोली (एका वेळी स्पष्ट दिसणारं अंतर) फारच कमी असते, त्यामुळे मिटलेला पंख तिरका नको, अगदी बाजूने पाहावा.

याच मालिकेतली ८.५×२१ मोहात पाडते, पण घेऊ नये. हात हललेला जास्त जाणवतो आणि डोळ्यात येणारा प्रकाशझोत ३.२ ऐवजी २.५ मिलिमीटरचा होतो. आंबोलीसारख्या दाट सावलीत तो फरक चांगलाच कळतो. उंच झाडावर बसलेल्यासाठी दोन्ही कुचकामी.

मोठी उणीव म्हणजे ही जलरोधक नाही. सह्याद्रीत फुलपाखरं भरात येतात ती पावसाच्या शेवटी-शेवटी, आणि हवेत दमटपणा तेव्हाच जास्त. झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवावी. एसी गाडीतून उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं पिशवी उघडू नये, भिंगावर बाष्प धरतं. वजन २९० ग्रॅम, दिवसभर गळ्यात जाणवत नाही. खाली ट्रायपॉडचा स्क्रूही बसतो, पण फुलपाखरांमागे ट्रायपॉड घेऊन कोण फिरणार?