एक किलोमीटरवरचं सोनं दाखवणारं यंत्र

जुनी नाणी शोधायचा छंद लागलेल्या माणसाला एकच गोष्ट डाचत असते, ती म्हणजे खोली. साध्या मेटल डिटेक्टरला नाणं वीतभर, फार तर थोडं जास्त खोल असेल तरच सापडतं. माझ्या या दुखण्यावर बोट ठेवूनच मला ‘लाँग रेंज लोकेटर’ नावाची वस्तू विकली गेली. पिस्तुलासारखी मूठ, पुढे सैल फिरणाऱ्या दोन लांब अँटेना आणि सोनं, चांदी, तांबं निवडायची बटणं. पल्ला म्हणे एक किलोमीटर.

विक्रेत्याने प्रात्यक्षिक झकास दिलं. माझ्यासमोर चांदीचं नाणं मातीत पुरलं, चार पावलं मागे आला, बटण दाबलं आणि अँटेना डुलत डुलत थेट त्या जागेवर आल्या. मग यंत्र माझ्या हातात दिलं. माझ्याही हातात त्या तिकडेच वळल्या! पैसे दिले गेले ते त्या क्षणाला.

खरी मेख तिथेच होती. नाणं कुठे आहे ते मला माहीत होतं. अशा सैल अँटेना आडव्या धरल्या की मनगट केसभर कललं तरी त्या उताराच्या बाजूला घसरतात. जिथे वस्तू आहे असं मनाला वाटतं, तिथे हात आपल्या नकळत झुकतो. विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने १८५२ सालीच अशा हालचालींचं वर्णन करून त्यांना ‘इडिओमोटर’ म्हटलं. पाणाड्याची काडी वळते तीही अशीच.

घरी एकसारख्या डब्यांपैकी एकात नाणं ठेवायला दुसऱ्याला सांगितलं आणि ठेवणाऱ्याला खोलीबाहेर पाठवलं. अँटेना वळत होत्या, अगदी ठामपणे वळत होत्या, फक्त भलत्याच डब्याकडे. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर तयार: “ताजं पुरलेलं नाणं चालत नाही. धातू वर्षानुवर्षं जमिनीत राहिला की त्याभोवती आयनांचं क्षेत्र तयार होतं, यंत्र ते पकडतं.” मग तुम्ही दाखवलं ते नाणं कधी पुरलं होतं, असं विचारल्यावर फोन कट. नंतर तो लागलाच नाही.

मूठ उघडली. आत नऊ व्होल्टची बॅटरी, एलईडी लुकलुकवणारं छोटं सर्किट आणि वजनासाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी. अँटेनाकडे एकही वायर जात नव्हती. धातू निवडायची तिन्ही बटणं एकाच ठिकाणी जोडलेली होती, म्हणजे सोनं दाबा नाहीतर तांबं, यंत्राला सारखंच.

खरा डिटेक्टर असा पल्ला का गाठू शकत नाही, हे समजायला सोपं आहे. त्याची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने नाण्यात प्रवाह फिरतो आणि त्या प्रवाहाचं क्षीण क्षेत्र परत कॉइलपर्यंत येतं. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा ते झपाट्याने विरतं. कॉइलच्या आकाराहून बऱ्याच लांब गेल्यावर अंतर दुप्पट झालं की सिग्नल साधारण ६४ पट घटतो. मोठी कॉइल लावली तर खोलवरची मोठी वस्तू कळते, पण बारीक नाणी निसटतात. ‘फक्त सोनं’ दाखवण्याचा दावाही तसाच पोकळ. सोन्याची अंगठी आणि थंड पेयाच्या डब्याची अ‍ॅल्युमिनियमची कडी यांना चांगलं यंत्रही पडद्यावर बऱ्याचदा एकच आकडा दाखवतं, म्हणून तर आम्ही एवढ्या कड्या उकरतो.

हा धंदा नाण्यांपुरता नाही. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसाने असंच अँटेनाचं खेळणं ‘एडीई ६५१’ या नावाने इराकला बॉम्बशोधक म्हणून विकलं. त्याची कल्पना हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या वस्तूवरून उचललेली होती. त्याला २०१३ साली दहा वर्षांची कैद झाली. तिथे लोकांचे जीव पणाला लागले होते. त्यापुढे माझं नुकसान किरकोळच.

असलं यंत्र कुणी गळ्यात मारू लागला तर नाणं तुमच्या माणसाला लपवू द्या, आणि ते कुठे आहे हे ना विक्रेत्याला कळू द्या ना तुम्हाला. ‘जमिनीत मुरलेलाच धातू लागतो’ हे वाक्य आलं की तिथूनच उठा. मला विकलेलं मॉडेल आता दुसऱ्या नावाने विकायला आहे. मूठ काळ्याऐवजी पिवळी आहे आणि पल्ला दोन किलोमीटर झाला आहे.