जुन्या ड्रमच्या निकेल-क्रोमवरचा रंग: जेल रिमूव्हर की गरम पाणी?

माझ्या जुन्या स्नेअरवर, म्हणजे खालच्या बाजूला तारा असलेल्या ड्रमवर, कोणीतरी आधी पांढरा घरगुती रंग आणि मग त्यावर चंदेरी असा दोन वेळा हात मारला होता, आणि तोही काही न सोडवता, म्हणजे लग (ड्रमच्या अंगावरचे धातूचे ठोकळे, ज्यांत रॉड फिरतात), रिम (हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, दाबून धरणारं कडं), स्ट्रेनर (खालच्या तारा ताणायची कळ), टेन्शन रॉड (हेड ताणायचे लांब स्क्रू), अगदी रॉडच्या वॉशरपर्यंत सगळं एकाच ब्रशखालून गेलेलं. आठ लग, सोळा रॉड, रंगाखाली निकेलचा मुलामा, म्हणजे प्लेटिंग. त्यातलं अर्धं मी पेंट रिमूव्हरच्या जेलने काढलं आणि अर्धं गरम पाण्यात ठेवून. असं ठरवलेलं नव्हतं, चार लग जेलने झाल्यावर वैताग आला म्हणून बदललं, पण त्यामुळे एकाच ड्रमवर, एकाच रंगावर दोन्ही बघायला मिळालं. ग्लोव्हज घाला, फोटो काढून ठेवा, रॉड कुठला कुठे होता ते लिहून ठेवा हे तुम्हाला माहितीच असणार, त्यात शिरत नाही.

फक्त खाली काय आहे ते आधी बघा. निकेलला जरा पिवळसर, उबदार झाक असते, क्रोम निळसर आणि आरशासारखं. सजावटीचं क्रोम बाजारात आलंच १९२० च्या दशकात, त्यामुळे त्याआधीचा ड्रम असेल तर निकेलच असणार. क्रोम कडक असतं पण त्याचा थर फार पातळ, बहुतेक वेळा एका मायक्रॉनपेक्षाही कमी, आणि गंजापासून वाचवण्याचं खरं काम त्याच्या खालचं निकेल करतं. निकेल त्या मानाने मऊ, चरे लगेच पडतात. साध्या जेलने किंवा गरम पाण्याने धड असलेल्या प्लेटिंगला काही होत नाही असा माझा अनुभव. नुकसान होतं ते अ‍ॅसिडने, म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड क्रोम अक्षरशः खाऊन टाकतं आणि व्हिनेगरमध्ये जास्त वेळ राहिलं तर निकेल काळवंडतं. तसंच कॉस्टिक सोड्याने. बरेच जुने लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, प्लेटिंगला बारीक भोकं पडलेली असली की कॉस्टिक तिथून आत शिरतो, जस्त खातो आणि वरचं प्लेटिंग फुगून सुटतं. अ‍ॅल्युमिनियमचं तर आणखी वाईट, म्हणून लुडविग सुप्राफोनिकसारखा अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम असलेला शेल, म्हणजे ड्रमचा मुख्य गोल सांगाडा, असेल तर त्याच्या जवळही कॉस्टिक नेऊ नका.

आता जेल. काम करतं, यात वाद नाही. जाड थर लावायचा, वरून प्लास्टिक गुंडाळायचं म्हणजे सुकत नाही, आणि थांबायचं. पूर्वीचे डायक्लोरोमिथेनवाले रिमूव्हर मिनिटांत रंग फुगवायचे, पण बंद बाथरूममध्ये बाथटबवरचा जुना थर काढताना त्याच्या वाफेने माणसं गेली आहेत आणि अमेरिकेत २०१९ पासून ते घरगुती ग्राहकांना विकायला बंदी आहे, तेव्हा कुठे जुना डबा पडलेला दिसला तरी मोह नको. माझं जेल बेंझाइल अल्कोहोलवालं होतं, वास कमी, पण सावकाश, मी रात्रभर ठेवलं. सकाळी लगच्या सपाट भागावरून रंग लाकडी पट्टीने लोण्यासारखा निघाला आणि मला वाटलं झालं काम.

पण झालं नव्हतं. जेल रंग काढत नाही, रंगाचा लगदा करतं, आणि लगदा जागा मिळेल तिथे जातो. रॉडच्या आट्यांत गेला, लगच्या तोंडातून आतल्या पितळी नटात गेला, लगच्या कडेला जी बारीक खोबण असते तिच्यात जाऊन बसला. टूथब्रशने घासलं तर आणखी आत ढकलला गेला. धुतलं, पुसलं, स्वच्छ दिसायला लागलं, आणि दोन दिवसांनी रॉड फिरवून बघतो तर आत खरखर, कारण राहिलेला लगदा परत वाळून कडक झालेला. माझ्या लगमधले नट आत घट्ट बसवलेले आहेत, बाहेर निघत नाहीत, त्यामुळे टाचणी, टूथपिक, परत जेल, परत धुणं असं एकेका लगला तासभर गेला. तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, आट्यांत थोडा रंग राहिला तर राहिला. पण स्नेअर ट्यून करताना आपण पाव फेरा, अर्धा पाव फेरा असं हाताच्या अंदाजाने जातो ना, तिथे हाताला जो विरोध लागतो तो हेडच्या ताणाचा आहे की आट्यातल्या रंगाचा हे कळायला हवं, आणि तेच कळेनासं झालं. शेजारचे दोन रॉड हाताला सारखेच घट्ट आणि हेडवर टिचकी मारली की दोन वेगळे सूर. दिसायला एखादा ठिपका राहिला असता तर मी सोडून दिलं असतं, हे नाही सोडता येत. जेल मी तिथेच बाजूला ठेवलं.

मग गरम पाणी. जुनं पातेलं घ्या जे परत कधीही खाण्याच्या वस्तूंना वापरणार नाही, तळाला फडकं घाला म्हणजे लग धातूवर आपटणार नाहीत, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, आणि मंद आच. खळखळून उकळायचं नाही, तळातून बारीक बुडबुडे येत राहतील एवढंच. तुमच्या लगमध्ये स्प्रिंग आणि ती वाजू नये म्हणून घातलेली फेल्ट किंवा कापूस असेल तर आधी काढा. मी दीड तास ठेवलं. होतं असं की गरम झाल्यावर रंग आणि धातू सारखे फुगत नाहीत, गुळगुळीत प्लेटिंगवर रंगाची पकड मुळात कच्चीच असते, आणि कडेकडेने पाणी खाली शिरतं. मग रंग विरघळत नाही, पापुद्र्यासारखा अख्खा सुटतो. पहिल्या लगवरून पांढरा आणि चंदेरी दोन्ही थर एकत्र निघाले, मोज्यासारखे, आणि रॉडच्या आट्यांतला रंग तर लाकडी काडी टेकवून रॉड फिरवल्यावर गुंडाळलेल्या दोऱ्यासारखा निघाला, तेव्हा मला इतका आनंद झाला की ताबडतोब बाकीचे सगळे रॉड पातेल्यात टाकले.

एकच लक्षात ठेवा, चिमट्याने एक एक काढायचा आणि गरम असतानाच साफ करायचा. गार झाला की रंग परत धरतो, परत पाण्यात टाकावा लागतो.

गंज ही याची दुसरी बाजू. रॉड स्टीलचे असतात आणि जिथे प्लेटिंग उडालंय तिथे पाणी राहिलं तर संध्याकाळपर्यंत तांबूस दिसायला लागतं. गरम धातू स्वतःच बराचसा वाळतो, पण मी हेअर ड्रायर मारला आणि आट्यांना लगेच हलकं तेल लावलं. रिम मात्र १४ इंची, पातेल्यात मावत नाही, तिथे मी जेलच वापरलं आणि तिथे ते चांगलं चाललं, कारण रिमला आटे नाहीत, लगदा पुसला की विषय संपला. आणि ऑटोमोबाइलचा दोन भाग मिसळून मारायचा रंग किंवा पावडर कोटिंग असेल तर गरम पाण्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, तिथे जेलला पर्याय नाही असं मला वाटतं.

थिनर-अ‍ॅसिटोनचं विचाराल तर साध्या स्प्रे पेंटवर झकास, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत रॉड बुडवून ठेवले की झालं, पण मुरलेल्या ऑइल पेंटवर फारसं चालत नाही. अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखाली २० डिग्रीलाही पेट घेऊ शकते, म्हणून पातेलं गॅसवर असताना ती बरणी त्या खोलीत नको. शिवाय जुन्या ड्रमवरचं पर्ल रॅप, म्हणजे शेलवर गुंडाळलेलं मोतिया चमकीचं आवरण, पुष्कळदा सेल्युलॉइडचं असतं, त्यावर अ‍ॅसिटोनचा थेंब पडला तर रॅपच विरघळतं. तारेचा ब्रश आणि सँडपेपर तर नकोच. पितळी ब्रशही निकेलवर पिवळट छटा सोडतो.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरगुती रंगांत त्यावर बंदी आली ती १९७८ मध्ये, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका. ओल्या पद्धतीत धूळच होत नाही हा मला गरम पाण्याचा आणखी एक फायदा वाटतो, पण खिडक्या उघड्या ठेवा, पाणी फडक्यातून गाळा आणि ते पापुद्रे आणि पाणी मोरीत न ओतता घातक कचऱ्यात द्या.

ज्याच्या ड्रमचे लग उघडून नट बाहेर काढता येतात त्याला जेलचा एवढा त्रास होणार नाही, हे मान्य आहे. तरी मी परत केलं तर सुरुवात पातेल्यानेच करीन. आधी एक रॉड टाकून बघा, तासाभरात कडेने रंग उचलला गेला तर बाकीचे टाका, नाहीतर जेल आहेच. माझे पाण्यातून निघालेले चार लग पहिल्या दिवसापासून बोटांनी रॉड फिरवता येईल इतके मोकळे आहेत. जेलवाल्या चारपैकी तीन हळूहळू मोकळे झाले, चौथा, स्ट्रेनरच्या शेजारचा, अजून हेड बदलताना प्रत्येक वेळी अडतो.