गंगापूर रोडवरील फिजिओथेरपी केंद्र: कंबरदुखीची तपासणी खांद्यापासून

नाशिकच्या गंगापूर रोडवरील या केंद्रात मी कंबरदुखीसाठी गेलो होतो, परंतु तेथील फिजिओथेरपिस्ट बाईंनी कंबर तपासण्याआधी मला दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगितले. आमची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणीची (घडांतील जादा मणी काढण्याची) कामे निघाली की मांडवाखाली हात वर करून तासन्‌तास उभे राहावे लागते, हे त्यांनी आधी नीट विचारून घेतले होते.

मग गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजण्याच्या साधनाने, मोजणी झाली. निरोगी हात साधारण 180 अंशांपर्यंत वर जातो. त्यातील सुमारे 120 अंश खांद्याच्या मुख्य सांध्यातून आणि 60 अंश खवाट्याच्या (खांद्यामागील चपट्या हाडाच्या) हालचालीतून मिळतात. माझा उजवा खांदा बराच आखडलेला निघाला. सांध्यातून जेवढी हालचाल मिळत नाही तेवढी शरीर दुसरीकडून वसूल करते: मी नकळत खांदा कानाकडे उचलत होतो आणि कमरेत मागे वाकत होतो, त्यामुळे मानेचे स्नायू सतत ताणलेले राहत आणि कमरेच्या मणक्यांमागील छोट्या सांध्यांवर दाब येत असे. आरशासमोर उभे करून दाखवल्यावरच मला हे पटले. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून रक्तातील साखर तपासली आहे का, हेही त्यांनी विचारले.

उपचारात यंत्रांवर भर कमी आणि हाताने सांधा मोकळा करण्यावर व घरच्या व्यायामांवर अधिक होता, जे मला आवडले. सर्वांत उपयोगी ठरली ती बिनखर्चाची सूचना: मांडवाखाली रुंद, भक्कम फळी ठेवून तिच्यावर उभे राहावे, म्हणजे हात तितके वर न्यावे लागत नाहीत.

तक्रारीही आहेत. केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. गुडघ्याचे रुग्ण कठडा धरून चढताना पाहिले की हे फिजिओथेरपीचेच केंद्र आहे ना, असा प्रश्न पडतो. व्यायामाचा छापील कागद केवळ इंग्रजीत आहे, त्यामुळे बागेतील मजुरांना पाठवायचे तर सोबत समजावून सांगणारे कोणीतरी हवे. संध्याकाळची दिलेली वेळ सहसा पाळली जात नाही.

हात आता बराच वर जातो. कंबरदुखी पूर्ण थांबलेली नाही, परंतु विरळणीच्या दिवसांत दुपारीच काम सोडून बसण्याची वेळ येत नाही. जायचे असल्यास सकाळची वेळ घ्यावी.