५८ रेघा

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी खोदून विचारायला नको. हिच्या गुडघ्यांच्या नावाखाली एका भोंदू वैद्याने आमचे १,३४,५०० रुपये नेले. त्यातले १,००,००० यूपीआयने (दिवसाची मर्यादाच तेवढी, नाहीतर तिथूनच सगळे गेले असते), १६,००० कपाटातले रोख आणि १८,५०० चूर्णाच्या दुकानात.

हिचे गुडघे सहा वर्षं दुखतायत. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सरळ सांगितलं होतं: झीज आहे, वजन उतरवा, मांडीचे व्यायाम रोज करा, वरून जेल लावा. बीपी आहे, तेव्हा पेनकिलर मनाने घ्यायची नाही. फारच सूज आली तर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, पण त्याचा आराम फार दिवस टिकत नाही. शेवटी सांधेबदल. व्यायाम आठ दिवस झाले, मग गणपती आले. ऑपरेशनला ही घाबरते.

अशात बागेत एक सभ्य माणूस भेटला. "काकू, माझी आईपण अशीच चालायची." वैद्यजी पुण्यात दोनच दिवस आहेत वगैरे, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

वैद्य घरी आला. ब्लेडने बारीक चिरा पाडल्या, वर पितळी नळी ठेवून तोंडाने ओढलं, ताटलीत घट्ट पिवळा थेंब. "हा पू. एका थेंबाचे दोन हजार. निघतील आठ-दहा." वर मलाच कागद दिला, "काका, तुम्हीच मोजा, मागाहून वाद नको." आणि मी, बँकेत चौतीस वर्षं कॅशवर काढलेला माणूस, मान खाली घालून रेघा मारत बसलो! ५८ भरल्या. नळी लावण्याआधी दर वेळी तो कापसाने कसलीशी पूड फिरवत होता. दिसत होतं मला. पण एक रेघ चुकायला नको ना!

संध्याकाळी हिने गुडघ्याखालचा टॉवेल साबणाने धुतला. पिवळे डाग लालभडक झाले. "अहो, ही हळद आहे." मी खेकसलो, "औषध आहे ते, रंग बदलणारच." पैसे देऊन झाल्यावर माणसाला हळदसुद्धा दिसत नाही.

बरं, वैद्याच्या सांगण्यावरून दुकानातून आणलेल्या चूर्णाने गुण आला, म्हणून तर गप्प बसलो! चौथ्या दिवशी ही जिना चढली. तीन आठवड्यांत चेहरा सुजला, साखर २८४. आधी कधी नव्हती. डॉक्टर म्हणाले, चूर्णात स्टिरॉइड असणार. ते एकदम सोडताही येत नाही, आता हळूहळू उतरवतायत. चार दिवसांत पळायला लावणारं चूर्ण घरात असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. आणि झिजेच्या गुडघ्यात पू नसतोच. खरोखर झाला तर पाय टेकवत नाही, तडक हॉस्पिटल गाठावं लागतं.

२०१७ साली सरकारने नेहमीच्या कृत्रिम गुडघ्याचा दर ५४,७२० वर बांधला होता. त्या भावाने दोन सांधे येऊन वर पैसे उरले असते.

पैसे ऑनलाइन गेले तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आम्ही पंचविसाव्या दिवशी केला. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. चौकी म्हणते सायबरकडे जा, सायबरवाले म्हणतात माणूस घरी आला होता, चौकीत जा. अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात उघडलेली पुडी चालत नाही. मी म्हटलं, रोग बरा करण्याच्या खोट्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे, त्यातल्या रोगांच्या यादीत संधिवातही आहे. "जाहिरात कुठाय? तोंडीच सांगितलं ना?" अहो, त्या कायद्यात तोंडी सांगणंही येतं! साहेब जेवायला गेले. बिलावर ना जीएसटी नंबर ना लायसन्स, हे मीही तेव्हाच बघायला हवं होतं, मान्य.

तिसऱ्या खेपेला चौकीत पुरावा म्हणून तो रेघांचा कागद ठेवला. हवालदाराने उलटसुलट करून पाहिला.

"हे तुम्हीच लिहिलंय ना, काका?"