कस्टममध्ये अडकलेल्या गोळ्या

एकूण ७८,८०० रुपये गेले. त्यातल्या १७,५०० रुपयांचं औषध आलं की खडू, हे मला अजून कळलेलं नाही, आणि झोप उडालीय ती त्यामुळे.

बायकोला फुफ्फुसाचा कॅन्सर. हिने आयुष्यात कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. (हे सांगूनही लोक विचारतातच.) तपासणीत ईजीएफआर म्युटेशन (गाठ वाढवणारा जनुकातला बदल) निघालं, म्हणून रोजची गोळी सुरू झाली. आधीची जेफिटिनिब काही हजारांत मिळायची, चौदा महिने तिनं गाठ दाबून धरली. मग टी-७९०-एम, म्हणजे त्या गोळीला दाद न देणारा आणखी एक बदल, निघाला आणि डॉक्टरांनी ऑसिमर्टिनिब लिहिली. मेडिकलवाल्याने महिन्याच्या ३० गोळ्यांचा आकडा लाखांत सांगितला. माझी पेन्शन ३४,२००. मेडिक्लेमवाले म्हणाले, पेशंट भरती नाही, गोळ्यांचे पैसे मिळणार नाहीत. पुढे मी फसलो म्हणून मला बिनडोक म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब जुळवून दाखवावा.

कॅन्सर पेशंटांच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाचा मेसेज आला. सोबत २०२४ च्या बजेटची बातमी: कॅन्सरच्या तीन औषधांवरची कस्टम ड्यूटी माफ, त्यात ऑसिमर्टिनिब. 'अंकल, अब सस्ता हो गया.' गोळी ढाक्याची. त्यात मला खोटं वाटलं नाही, कारण बांगलादेश अल्पविकसित देशांत मोडतो, औषधांच्या पेटंटमधून त्यांना सूट आहे आणि तिथल्या कंपन्या ही गोळी उघड बनवतात. पण परवान्याशिवाय ती इथं आणून विकणं बेकायदा. हेही मला माहीत होतं. लपवत नाही.

पहिली बाटली १७,५०० ला, कुरिअरने चार दिवसांत घरी. बिल नाही. बिल नाही तर औषध घेऊ नका, मग विकणारा देवमाणूस का असेना.

मग म्हणाला, तीन महिन्यांचं एकदम घ्या, ४९,५०० लावतो. भरले. गूगल पेवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. मी ते वाचलं आणि पिन टाकला. आठ दिवसांनी मेसेज: पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ११,८०० भरा, माल मिळाला की परत.

इथं. इथं माझी ट्यूब पेटायला हवी होती. ज्याने ड्यूटी माफ झाल्याची बातमी दाखवून मला गाठलं, तोच माझ्याकडून ड्यूटी मागत होता! आणि पहिल्या पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता दिल्लीचा होता. दिल्लीहून मिरजेला येताना कुठलं कस्टम लागतं? चोरून आणलेल्या मालाची कस्टम पावती फाडतं कोण? तीस वर्षं जिल्हा परिषदेत बिलं तपासली मी. दुसऱ्याच्या बिलात आठ आण्यांचा फरक सोडला नाही. पण त्या दिवशी बाटलीत पाचच गोळ्या उरल्या होत्या, आणि ही स्वयंपाकघरात खोकत होती. भरले. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद.

'परत मिळतील' म्हणून मागितलेला पैसा कधीच परत येत नाही, लिहून ठेवा. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन त्याच तासात करा. मी लाजेपोटी सहाव्या दिवशी केला, तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून गेले होते.

पोलीस ठाण्यात तासभर बाकावर बसवलं. मग साहेब म्हणाले, "काका, बांगलादेशचं औषध? परवाना कुठंय? केस तुमच्यावरच होईल." सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्यातून पत्र आणा. ठाण्यात पत्र देणारे रजेवर. बँकेत मॅडम म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात ना? औषधं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात उरलेल्या चार गोळ्या घेऊन गेलो. 'बिल?' नाही. 'मग तक्रार कशाची?' अहो, गोळीत काय आहे तेवढं सांगा! हिने महिनाभर खाल्लीय ती! बाबूने बाटली हातातसुद्धा घेतली नाही. नंतर मुलाने शोधून काढलं, १९४० च्या औषध कायद्यात कलम २६ आहे, गिऱ्हाईक स्वतः फी भरून सरकारी प्रयोगशाळेत औषध तपासून घेऊ शकतं. चार खेपांत एकाच्याही तोंडून हे निघालं नाही. दर खेपेला रिक्षाचे १६० मात्र गेले.

डॉक्टरांना शेवटी सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, त्यांनी कपाळाला हात लावला. कंपनीचीच रुग्णांसाठी सवलत योजना असते, म्हणाले, आधी का विचारलं नाहीत? मी म्हटलं, तुम्ही आधी का सांगितलं नाहीत? त्यावर दोघंही गप्प. तुम्ही विचाराच. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातही विचारा. लाजू नका.

पहिली बाटली आली तेव्हा आनंदाच्या भरात मी तो नंबर ओपीडीत भेटलेल्या कोल्हापूरच्या एका गृहस्थांना दिला होता. त्यांच्या मुलीसाठी. त्यांना फोन करायला मला बारा दिवस लागले. त्यांनी तोवर ४९,५०० भरले होते, आणि पार्सल कस्टममध्ये अडकलंय असा मेसेज त्यांना आदल्याच रात्री आला होता.