‘१९०५ची एकेरी रेकॉर्ड’ विकत घेताय? आधी सुई बघा

वडोदऱ्यात जुन्या गायकीच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्ड जमवणाऱ्या मराठी मंडळींना हेरून एक माणूस लुबाडतो आहे. माझे ४०,६५० रुपये त्याने नेले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन एकेरी, म्हणजे एकाच बाजूला गाणं असलेल्या रेकॉर्ड, प्रत्येकी ७,०००. जोहराबाई आग्रेवालींच्या दोन, प्रत्येकी ४,५००. फैयाज खाँसाहेबांच्या सहा, प्रत्येकी १,५००. वर पॅकिंग आणि कुरियर १,६५०. त्यातले १५,००० माल राखून ठेवायला आणि २५,६५० पार्सल निघण्याआधी, दोन्ही यूपीआयने.

पद्धत नेहमीचीच. आजोबांचा संग्रह, घर रिकामं करायचंय, कोलकात्याचं गिऱ्हाईक उद्या येतंय, ‘काका, भंगारात जाऊ नये एवढीच इच्छा’. ‘स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर तेव्हाच कळायला हवं होतं’ असं आता सगळे सुनावतात. भाव स्वस्त नव्हता. जाणकार देईल तोच भाव त्याने सांगितला होता आणि घासाघीस केल्यावर एक रुपया सोडला नाही. माहितीही पक्की होती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गेसबर्ग कोलकात्यात आला, सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोवरहून छापून यायच्या, कोलकात्यातला सियालदहचा रेकॉर्ड छापायचा कारखाना १९०८चा, हे सगळं तोंडपाठ. अब्दुल करीम खाँ काही काळ बडोदा दरबारात होते, फैयाज खाँ तर इथलेच दरबारगायक आणि १९५० साली इथेच गेले. आपल्या गावचा माणूस या दोन नावांना नाही म्हणणार नाही, हे ओळखूनच त्याने जाळं टाकलं.

सगळा संताप येतो तो त्याने नमुना म्हणून पाठवलेल्या व्हिडिओचा. तपकिरी पेटीचा चावीचा ग्रामोफोन, त्यावर रेकॉर्ड फिरते आहे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचा तो अणकुचीदार, वर चढत जाणारा आवाज. आवाज शंभर टक्के खरा. आणि तिथेच घात होतो, कारण कान आवाजाकडे गेला की डोळे काम करेनासे होतात. आता तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहतो तेव्हा दिसतं की रेकॉर्डला काठापासून चांगली बोटभर आत गेलेली चीर आहे आणि सुई त्या चिरेवरूनच चालली आहे. चीर असली की दर फेऱ्याला एक ‘टक्’ व्हायलाच हवी, म्हणजे दहा सेकंदांत तेरा वेळा. एकही नाही! नुसती एकसारखी, साफसूफ केलेली खरखर. शिवाय दहा इंची रेकॉर्डची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, त्यात सुई काठापासून लेबलाजवळ येते, म्हणजे मिनिटाला ढोबळमानाने दोन सेंटीमीटर. व्हिडिओ सव्वा मिनिटाचा, आणि सुई तसूभरही आत सरकलेली नाही. दहा सेकंदांचं चित्र फिरवून फिरवून जोडलेलं आणि वर मोबाइलमधलं गाणं लावलेलं. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर हे कुणाच्या लक्षात येणार? पण तुम्ही बघा. पूर्ण बाजूचा, मध्ये न कापलेला व्हिडिओ मागा. त्या काळच्या कित्येक रेकॉर्डच्या शेवटी गाणारा स्वतःचं नाव पुकारतो, गौहर जानचं ‘माय नेम इज गौहर जान’ सगळ्यांना ठाऊक आहे. तो शेवट ऐकल्याशिवाय पैसे सोडू नका.

पार्सलमधून निघालं काय, तर सिनेमाच्या गाण्यांच्या दुहेरी तबकड्या, वर रंगीत प्रिंटरवर छापलेली लेबलं चिकटवलेली. तीन फुटलेल्या, कारण आडव्या रचून पाठवल्या होत्या. लाखेच्या रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवायच्या, उभ्याच पाठवायच्या. खरं लेबल तबकडी दाबतानाच उष्णतेने तिच्या अंगात बसतं. लेबलाच्या कडेवरून नख फिरवलं तर अडकत नाही. इथे नख सरळ खाली शिरलं. ओल्या कापसाने गोंद सुटला आणि खालून मूळ लेबल निघालं. स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. आणि एकदोन लेबलं तशीच चिकटलेली राहू द्या, पुरावा तोच.

लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात मॅट्रिक्स नंबर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, दाबलेला असतो. तिरका उजेड पाडून त्याचा फोटो मागवा आणि छापील सूचीशी ताडून पाहा. लेबल बनवता येतं, हा नंबर बदलणं सोपं नाही. एकेरी रेकॉर्डच्या पाठीचा फोटोही मागा, आणि प्रत्येकीचा वेगळा. लेबलावर एचएमव्हीचा कुत्रा असेल तर १९०५ विसरा, तेव्हा परीचं चित्र असायचं.

आता पोलीस. ठाण्यातल्या साहेबांचं म्हणणं, ‘पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली, हा देवाणघेवाणीचा वाद, दिवाणी कोर्टात जा.’ जबाब गुजरातीत लिहिला, त्यात ‘जुनी रेकॉर्ड नंग ११’, बस. कुणाची, कोणत्या काळची, खोट्या लेबलाचा उल्लेखच नाही. मी आग्रह धरला तर म्हणाले, यूट्यूबवर फुकट आहे ते चाळीस हजाराला घेता कशाला? चोराची चौकशी राहिली बाजूला, माझ्याच आवडीची झडती सुरू. बँकेचं उत्तर तयार होतं: पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमचाच. कुरियरवाला म्हणतो, खोका आमच्यासमोर उघडला नाहीत. तिघांनी तीन बाजूंनी हात झटकले, आणि ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाच्या नावावर आहे एवढं विचारायची तसदी कुणी घेतली नाही. खोटं लेबल चिकटवून विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ची फसवणूक आहे, हे नागरिकाने ठाण्यात समजावून सांगायचं?

फसल्याचा संशय येताच, पार्सलची वाट न पाहता, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा. रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवली तरच काही हाती लागतं. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर वरिष्ठांना लेखी, पोस्टाने पाठवा. खोका उघडताना न थांबवता चित्रण करा.

तोच व्हिडिओ आता फैयाज खाँसाहेबांच्या नट बिहाग रागाचा आवाज लावून फिरतो आहे. ओळखायची खूण: पेटीच्या उजव्या कोपऱ्यातली पितळी पट्टी निखळलेली, रेकॉर्डवर तीच बोटभर चीर, आणि सुई जागच्या जागी. अकरा रेकॉर्डचे १५,००० आधी मागेल.