कोलाडला नदीकाठी दोन दिवस, चिंगीला घेऊन

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आम्ही सहा जण कोलाडला कुंडलिकेकाठी कॅम्पिंगला जाऊन आलो. मी, नवरा, सासूबाई, मुलगा १५ वर्षांचा, लेक ९ वर्षांची आणि सहावी चिंगी, आमची देशी कुत्री, वय पाच, वजन १७ किलो. कुत्र्याला घेऊन कुठे जायचं म्हटलं की नेटवर फक्त "पेट फ्रेंडली" एवढंच लिहिलेलं असतं आणि तिथे गेल्यावर प्रत्यक्षात काय काय होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. कॅम्पचं नाव देत नाहीये कारण तक्रारीपण आहेत आणि त्या पट्ट्यातल्या बऱ्याच कॅम्पना हे सगळं लागू पडेल असं मला वाटतं.

कोथरूडहून पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, सुतारवाडी असे गेलो. चिंगीला गाडी लागते त्यामुळे सकाळी तिला काहीच खायला दिलं नव्हतं आणि मुळशीच्या पुढे दोनदा उतरवलं, घाटात मग काही त्रास झाला नाही. तलाव दिसायला लागला तसं नवऱ्याने मुलांना सांगितलं की आपण ज्या नदीत बोटीत बसणार आहोत ना तिथलं पाणी हेच. मुळा नदीचं पाणी खरं तर खाली पुण्याकडे आणि पुढे भीमेला जायचं, पण इथे धरणात अडवून सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरवतात, तिथे १९२७ पासून टाटांचं वीजकेंद्र आहे, वीज तयार झाली की ते पाणी कुंडलिकेला मिळतं आणि रोह्यावरून रेवदंड्याला समुद्रात. सासूबाई म्हणाल्या, "याच धरणासाठी मावळातल्या लोकांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापट उगाच तुरुंगात गेले नव्हते." मुलांना मुळशी सत्याग्रह फक्त नावाने माहीत होता, समोर पाणी बघून जास्त कळला.

हे पाण्याचं एवढं सांगतेय कारण कुत्रा असेल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. कुंडलिकेचं पाणी पावसावर नाही तर वीजकेंद्रातून कधी सोडतात त्यावर चढतं उतरतं, म्हणून तर उन्हाळ्यातसुद्धा तिथे राफ्टिंग चालतं. शनिवारी दुपारी पोचलो तेव्हा आमच्या टेंटच्या खाली मोठमोठे दगड कोरडे, नदी पार पलीकडे शांत. एका उंबराच्या झाडाखाली छान सावली होती म्हणून चिंगीला तिथेच लांब दोरीने बांधलं, तिची चटई आणि स्टीलचं भांडं ठेवलं आणि जेवायला गेलो. रात्री ती टेंटमध्येच झोपली हे आमचं नशीब, कारण रविवारी नाश्ता होईपर्यंत त्या उंबराच्या बुंध्याला पाणी लागलेलं होतं आणि चटई, भांडं दोन्ही गेलेलं. माझ्या पोटात गोळाच आला. रात्री तिला बाहेर बांधायचं असं आधी आमचं ठरलं होतं! कॅम्पवाल्यांना विचारलं तर म्हणाले रोजच चढतं की. मग एक बोर्ड लावा ना, आलेल्या माणसाला पहिल्यांदा हेच सांगा की दगडापाशी मुलं आणि जनावरं सोडू नका म्हणून. मी ते त्यांना तोंडावर सांगितलंय आणि बोर्ड लावतो असं त्यांनी कबूल केलंय.

आता बोटिंग. राफ्टिंगला कुत्रा नेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. आमच्या इथे १४ वर्षांखालच्या मुलांनाही घेत नव्हते त्यामुळे रविवारी सकाळी नवरा आणि मुलगा दोघंच गेले, साधारण बारा किलोमीटर, दोघं एकदम खूश होऊन आले. आमचं खरं बोटिंग झालं ते शनिवारी साडेतीनला खालच्या संथ पाण्यात, साध्या चपट्या बोटीत, आणि यासाठी मी त्या कॅम्पला पुन्हा जाईन. बोटवाले दादा गावातलेच, पन्नाशीचे. त्यांनी आधी बोट पूर्ण काठावर ओढून ठेवली, चिंगीला पाच मिनिटं वास घेऊ दिला, रिकाम्या बोटीत दोनदा चढू-उतरू दिलं आणि मगच आम्हाला बसा म्हणाले. मी सवयीने तिचा पट्टा बोटीच्या कडीला अडकवायला गेले तर लगेच म्हणाले, "ताई, बोटीत जनावर बांधायचं नाय कधी. बोट पलटली तर ते बोटीखालीच राहतं." इतकी साधी गोष्ट पण मला आजवर कोणी सांगितली नव्हती.

लाइफ जॅकेट मात्र आपलं आपणच न्यायचं, कॅम्पवर माणसांची होती, कुत्र्यांचं एकपण नव्हतं. आम्ही ऑनलाइन मागवलं होतं, वजनावरून साइज घेऊ नका, पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर टेपने मोजा, चिंगीचा २४ इंच भरला. पाठीवर हँडल असलेलंच घ्या. आणि घरी आठवडाभर घालून फिरवा, आमची पहिल्या दिवशी पुतळ्यासारखी उभी राहिली होती, चौथ्या दिवशी पळायला लागली. त्या हँडलचा उपयोग त्याच दिवशी झाला, समोरच्या दगडावर पाणकावळा पंख पसरून बसला होता, आम्ही जवळ गेलो तसा तो उडाला आणि बाईसाहेब सरळ पाण्यात. लेक किंचाळली, सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. पण ती छान तरंगत होती, दादांनी बोट हळू वळवली, वजन एका बाजूला जाऊ नये म्हणून नवऱ्याला दुसरीकडे सरकवलं आणि हँडल धरून तिला वर घेतलं. तिने अंग झटकून सगळ्यांना भिजवलं आणि पुढचा अर्धा तास लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून शांत बसून होती. असं मी तिला कधीच बघितलं नव्हतं, घरी ती कोणाला मांडीवर डोकं ठेवू देत नाही.

जेवण उत्तम. जानेवारी असल्याने पोपटी होती, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकन, ओवा आणि जाडं मीठ, पाण्याचा थेंब नाही, मडकं उलटं ठेवून वरून जाळ. रायगडात थंडीत गेलात तर ही मागाच. फक्त कुत्र्याला त्यातली शिजलेली हाडं देऊ नका, लोक प्रेमाने टाकतात, शेजारच्या ग्रुपला मला तीनदा सांगावं लागलं. चिंगीसाठी किचनमधून बिनमिठाचा भात आणि उकडलेलं चिकन वेगळं काढून दिलं, न मागता, त्या काकूंचे खूप आभार.

न आवडलेलं म्हणजे फोनवर माणशी १८०० सांगितले आणि तिथे गेल्यावर कुत्र्याचे ५०० वेगळे मागितले. पैशाचं काही नाही पण आधी सांगा. दुसरं, रात्री पावणेअकरापर्यंत स्पीकर चालू होता, चिंगी टेंटमध्ये थरथरत होती, दोनदा सांगितल्यावर बंद झाला. बाथरूम स्वच्छ, गरम पाणी बादलीने. गावातली कुत्री कॅम्पवर फिरतात त्यामुळे भांडणाची तयारी ठेवा आणि लेप्टोसकट (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) सगळी इंजेक्शनं झालेली असू द्या, गोचिडाचं औषधपण निघायच्या दोन-तीन दिवस आधी. आम्ही ते लावूनसुद्धा घरी आल्यावर एक कानामागे आणि एक बोटांच्या बेचक्यात सापडला, टॉर्च लावून सासूबाईंनी शोधले.

माझ्याकडून पाचपैकी चार. बोटवाल्या दादांना पाच. बुकिंग करताना तीन प्रश्न विचारून मेसेजवर उत्तर घ्या, कुत्र्याचे पैसे किती, स्पीकर किती वाजता बंद होतो आणि सकाळी पाणी टेंटपासून किती लांब येतं. कोणाला जॅकेटची लिंक हवी असेल तर विचारा.